अनंताची छाटणी

आमच्या घरात झाडांची वाटणी फार जुनी. विहिरीपलीकडचं सगळं दादांचं, अंगणातलं सगळं आईंचं. दादा म्हणजे माझे सासरे आणि आई म्हणजे सासूबाई. दादांच्या वाट्याला द्राक्षाची बाग, आईंच्या वाट्याला तुळस, गवती चहा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरचा अनंत. दादा बागेतून छाटणीची कात्री हातात घेऊन आले की आई उंबऱ्यावरूनच सांगायच्या, ती तिकडे पडवीत ठेवा, अंगणात आणू नका. लग्न होऊन नवीन आले तेव्हा मला याची गंमत वाटायची. कात्री काय आपोआप चालणार होती? आता वाटतं, बाई ओळखून होती.

मी मढची. आमच्याकडे झाडं कुणी वाढवत नाही. माळशेजचा पाऊस चार महिने असा कोसळतो की नको म्हटलं तरी झाडं उगवतात आणि माणसं भाताच्या मागे लागलेली असतात. त्यामुळे नारायणगावच्या अलीकडच्या या काळ्या रानात एका फुलझाडाचे चाललेले लाड बघून मला हसू यायचं. पोटच्या पोराचे केले नसतील इतके लाड, असं मी नवऱ्याला म्हणायचे आणि तो म्हणायचा, खरंच नाही केले.

अनंत आईंच्या माहेरचा, शिनोलीचा. तिथल्या शेजारणीच्या दारातली फांदी ओल्या गोणपाटात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन त्यांनी आणली होती. आमची माती काळी आणि चिकट, ती अनंताला मानवत नाही, हे त्यांना पहिल्याच वर्षी कळलं. तेव्हापासून भाऊबीजेला माहेरी गेल्या की येताना खताच्या रिकाम्या गोणीत तिकडची तांबडी माती भरून आणायच्या. गोणीत काय आहे म्हणून कंडक्टरने विचारलं तर सांगायच्या, भावाने ओवाळणी घातलीय. कंडक्टरही मग पुढे जायचा.

बोअरचं पाणी त्या अनंताला कधी देत नसत. त्या पाण्याने आमच्या बादल्यांना आतून पांढरा थर चढतो आणि अनंताची पानं पिवळी पडतात. त्याला तांदळाचं धुवण, आठवड्यातून एकदा आंबट ताकाचं पातळ पाणी, एरवी आदल्या दिवशी भरून ठेवलेलं नळाचं पाणी. पिठ्या ढेकूण लागले तर फडक्याचा बोळा साबणाच्या पाण्यात बुडवून एकेक पान पुसायचं. उन्हाळ्यात दुपारच्या वेळी जुन्या लुगड्याची सावली. वाळलेलं पान बोटांनी अलगद काढायचं, नख लावायचं नाही.

वैशाख संपत आला की हिरव्या पिळाच्या कळ्या धरायच्या आणि ज्येष्ठात एखाद्या सकाळी खिडकी उघडली की वास आत यायचा. पहिल्या दिवशी फूल पांढरंशुभ्र, दुसऱ्या दिवशी सायीच्या रंगाचं. पहिलं देवाला, दुसरं त्यांच्या अंबाड्यात. बाकीची पाण्याच्या वाटीत. तोडायचं ते त्यांनीच. मी पहिल्या वर्षी न विचारता एक फूल तोडलं तर त्यांनी माझ्या हातावर फाटकन मारलं होतं आणि तोंडाने नुसता 'हं' असा आवाज काढला होता. मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. त्यांनाही त्याचं काही वाटलं नाही.

पडल्या त्याही अनंतापाशीच. श्रावणातली सकाळ, हातात धुवणाचं पातेलं. पातेलं फरशीवर आपटल्याचा आवाज आला आणि मी धावले तेव्हा त्या एका कुशीवर होत्या, तोंड वाकडं झालेलं, धुवण पदरावर. उजवी बाजू गेली होती. वाचाही गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी खिशातली गाडीची किल्ली काढली आणि तिच्या टोकाने त्यांचा उजवा तळपाय टाचेपासून वर ओढत खरवडला. कळतंय का, मावशी, असं विचारलं. आईंनी छताकडे बघितलं. डॉक्टरांनी पुन्हा खरवडलं, मग आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की आशा ठेवा, पण फार ठेवू नका. दादांनी पहिलं वाक्य तेवढं ऐकलं.

घरी आणल्यावर त्यांची लोखंडी खाट स्वयंपाकघरात खिडकीशी लावायची, हे दादांनीच ठरवलं. तिला तिचं झाड दिसायला पाहिजे, म्हणाले. मी गॅसशी, त्या खिडकीशी, असा आमचा दिवस जायचा. समजायचं त्यांना सगळं. डोळे बोलायचे, डावा हात चालायचा. रागावल्या की त्या हाताने खाटेच्या नळीवर मारायच्या.

त्या आठवड्यात झाडावर एक चुकार फूल उमललं, हंगाम सरल्यावर. दादा बाहेर गेले, ते फूल तोडून आणलं आणि आईंच्या डाव्या तळहातावर ठेवलं. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने बायकोला फूल दिलेलं मी तरी बघितलं नव्हतं. द्यायचं कसं ते न कळल्यागत त्यांनी ते पानसुपारी द्यावी तसं दिलं. आईंनी ते नाकाशी नेलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चालणाऱ्या डोळ्यातून आणि न मिटणाऱ्याही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा अंगणातून आत आले तर आईंनी तळहात पसरला. तिसऱ्या दिवशीही. झाडावर काही नव्हतं. दादा खाटेशी उभे राहिले आणि म्हणाले,

"औंदा सरली बग फुलं. फुडल्या जेष्ठात वंजळभर देतो तुला. माझ्याकडं लागलं ते."

त्यानंतर आमच्या घरात त्या ज्येष्ठाशिवाय दुसरं काही राहिलं नाही. आईंनी बरं व्हावं असं कुणी उघड म्हणेना, कारण होणार नाही हे दिसत होतं. पण अनंत फुलावा असं म्हणता येत होतं. दादांच्या अंगात एकदम जोर आला.

आणि तिथूनच बिघडायला लागलं. आईंचं अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं, वर मजुरांचा चहा, हे सगळं माझ्या एकटीवर. नवरा चाकणला कंपनीत, शिफ्ट बदलत जाणारा. ताकाचं पाणी कधी जमायचं, कधी नाही. दादांनी सांगितलं, तू त्याच्याकडे बघू नको, मी बघतो. त्यांनी बागेतल्या ठिबकची एक नळी काढून अनंताच्या बुडाशी आणून सोडली. बोअरचं पाणी. मी म्हटलं, दादा, आई हे पाणी देत नव्हत्या. त्यांचं म्हणणं पडलं की याच पाण्यावर सगळी बाग उभी आहे, एक झाड काय त्याला जड आहे. पंधरवड्यात पानं फिकी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. मग त्यांनी द्राक्षावर मारतात ती औषधं मारली. पानांच्या कडा करपल्या.

द्राक्ष मी या घरात येऊन शिकले. त्याचं सगळंच उफराटं. चांगली हिरवी बाग, तिचं पाणी तोडायचं, त्याला ताण देणं म्हणतात. पानं झाडायची. गोडी छाटणीला, म्हणजे फळासाठीच्या छाटणीला, काड्या कापून टाकायच्या, इतक्या की बाहेरचा माणूस बघून म्हणेल, मेली ही बाग. मग प्रत्येक काडीवरच्या डोळ्यांना, जिथून फूट येते तिथे, लाल रंग मिसळलेली पेस्ट लावायची. ते औषध इतकं कडक की लावणाऱ्याने त्या दिवशी दारूचा घोट घेतला तर तोंड लालबुंद होऊन दवाखाना गाठावा लागतो. आणि एवढा छळ केल्यावर बाग फुटते. एकदम, सगळी, एका वेळी. दादांनी आयुष्यभर दरवर्षी हे बघितलेलं. उघड्याबोडक्या लाकडाने त्यांना कधी दगा दिला नव्हता.

म्हणून नवरात्र सरल्यावर एक दिवस ते अनंताची नळी बंद करून आत आले तेव्हा मला त्यांच्या मनातलं कळलं. मी सरळ विचारलं, छाटणार का याला?

"दमलंय ते," दादा म्हणाले. "बारा म्हैने हिरवं. कदी पान गाळलं न्हाई, कदी इसावा न्हाई. दमंल न्हाई तर काय व्हईल?" बोलता बोलता त्यांची नजर खाटेकडे गेली.

मी म्हटलं, दादा, ते द्राक्ष नाही. आईंनी त्याला कधी कात्री लावली नाही. ते म्हणाले की झाड ते झाड, डोळा आहे म्हणजे फुटणार. मला बाहेर नेऊन त्यांनी पानाच्या बेचक्यातले डोळे दाखवले, एकेक, पोराला बाराखडी शिकवावी तसे. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, तू त्यांच्या नादी लागू नको, त्यांना झाडातलं कळतं. कळतच होतं की. सगळ्या शिवारात त्यांच्याइतकं द्राक्षातलं कुणाला कळत नव्हतं.

छाटणीचा दिवस मला विसरता येत नाही. बागेत छाटणीला आलेली मजुरांची टोळी जेवायला बसली होती. दादांनी हातमोजे घातले, पडवीतली कात्री घेतली आणि अंगणात आले. आधी पानं काढायला लागले. ताण देऊनही ती गळाली नव्हती. द्राक्षाची पानं हात लावला की येतात, ही सुटेनात, ओढून काढावी लागली. मग कात्री चालली. आवाज आत येत होता.

आईंनी तोंडाने 'हं' केलं आणि खाटेच्या नळीवर हात मारला. पुन्हा मारला. मारतच राहिल्या, नळी वाजत राहिली, मी हात धरला तर माझ्या हातावर मारलं. दादांनी खिडकीतून आत बघितलं. कित्येक दिवसांत बायकोच्या अंगात एवढा जीव त्यांना दिसला नव्हता. त्यांचा चेहरा उजळला. कात्री वर करून त्यांनी तिला दाखवली आणि मला म्हणाले,

"बग, बग, कशी खूस झालीया."

मी म्हटलं, दादा, खूश नाहीत त्या, थांबा म्हणतायत. त्यांनी मान हलवली, तुला काय कळतंय अशी, आणि बादलीत उरलेली लाल पेस्ट फडक्याने एकेका डोळ्याला लावायला लागले. फार नाजूकपणे लावत होते. बागेत मजुरांनी असा वेळ लावला असता तर त्यांनी शिव्या घातल्या असत्या. त्यांच्यावर संताप संताप झाला माझा, आणि ती बोटं बघून संताप धरताही येईना.

दिवाळीच्या सुमाराला बाग फुटली. डोळे फुगले, त्यांच्यावर कापसासारखी लव दिसली, मग पोपटी फूट. यंदा एकसारखी फूट आहे म्हणून लोक बघायला येऊन गेले. त्याच बादलीतली पेस्ट लावलेला अनंत अंगणात काठ्यांचा राहिला, डोळ्यांवर लाल ठिपके. भाऊबीजेला आई गेल्या नाहीत म्हणून शिनोलीहून त्यांचा भाऊ आला. तांबड्या मातीची गोणी खांद्यावर घेऊनच आला. अंगणात शिरताना त्याने त्या काठ्या बघितल्या, गोणी भिंतीशी ठेवली आणि बहिणीजवळ जाऊन बसला. चहासुद्धा अर्धाच घेतला.

द्राक्षवाल्यांना एक सवय असते. काडी जिवंत आहे का वाळली हे बघायचं तर अंगठ्याच्या नखाने साल जराशी खरवडायची. आत हिरवं दिसलं की काडी जिवंत. दादा रोज सकाळी अनंतापाशी उकिडवे बसून खरवडायचे आणि आत येऊन आईंना सांगायचे, हिरवं हाय. आई तळहात पसरायच्या. दादा त्यावर आपला हात ठेवायचे, दुसरं काही नव्हतं म्हणून.

पहिल्यांदा ते शेंड्याशी खरवडायचे. मार्गशीर्षात शेंडे आतून तपकिरी झाले तर मधे खरवडायला लागले. रस्त्याने पारगावच्या कारखान्याकडे उसाच्या गाड्या जात होत्या, अंगणात पाचट उडून यायचं आणि त्या काठ्यांना अडकायचं. लांबून झाडाला पानं आल्यासारखी वाटायची. मी रोज ते पाचट काढून टाकायचे. आईंनी एकदा फसून हात पुढे केला होता.

पौषात बुडाशी एक फूट आली. खरी फूट, दोन पानं, नखाएवढी. दादांनी मला हाताला धरून नेऊन दाखवली. मामांनी आणलेली माती त्यांनी त्या दिवशी बुडाशी घातली, ठिबकची नळी स्वतः उपटून टाकली आणि मला म्हणाले, ताकाचं पाणी कसं करायची ती, तसं कर. थंडी मोठी होती, म्हणून दिवस मावळला की फुटीवर पाटी पालथी घालायचे. मीसुद्धा भुलले, खोटं कशाला सांगू. तांदूळ धुताना धुवण बाजूला ठेवायला लागले. आईंना सांगितलं, आलंय हो तुमचं झाड. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण मान हलवली नाही. एका सकाळी पाटी उचलली तर दोन्ही पानं काळी पडली होती. थंडीने, पेस्टने की त्या आधीच्या पाण्याने, कोण सांगणार? दादांनी पाटी पुन्हा तशीच पालथी घातली आणि दिवसभर काढली नाही.

बागेचा माल गेला, चैत्रात काड्या पार बुडाशी कापायची खरड छाटणी झाली आणि बाग पुन्हा फुटली. तिला काय, कितीही कापा. दादा अनंताला खरवडत खरवडत आता जमिनीशी आले होते. एक दिवस माती उकरून मुळाशी खरवडताना मी त्यांना बघितलं. आत येऊन त्यांनी हिरवं हाय म्हटलं नाही. आईंनी तळहात पसरला, मग मिटला आणि पांघरुणात घेतला. त्यानंतर त्यांनी तो पसरला नाही. खायलाही नीट उघडेनात तोंड. पेज भरवली की अर्धी ओघळायची.

ज्येष्ठ लागला तेव्हा माझ्या नवऱ्याने हायवेच्या नर्सरीतून काळ्या पिशवीतलं अनंताचं रोप आणलं, एक फूल उमललेलं. त्याला वाटलं, बापाचा शब्द तरी राहील. दादा म्हणाले, तिला कळंल, हे तिचं न्हाई. पण फूल तोडलं. आईंचा डावा हात पांघरुणातून काढला, बोटं सरळ केली आणि तळहातावर फूल ठेवलं. वास सगळ्या स्वयंपाकघरात पसरला. गेल्या ज्येष्ठात हाच वास होता, हीच खिडकी होती, आणि आई पलीकडे उभ्या होत्या. त्यांची बोटं मिटली नाहीत. फूल गादीवर घरंगळलं. त्यांनी डोळे खिडकीकडे वळवले, जिथे काही नव्हतं.

दादा खाटेच्या पायथ्याशी गेले, पांघरूण बाजूला केलं आणि आईंचा उजवा पाय मांडीवर घेऊन बसले. मला वाटलं, चोळणार असतील. मी पेजेचं पातेलं उतरवून वळले तर ते अंगठ्याच्या नखाने त्यांचा तळपाय खरवडत होते. बोटांच्या खाली, जरासंच, साल काढावी तसं. आणि वाकून बघत होते.

"कळतंय का गं?" त्यांनी विचारलं.

आई खिडकीकडेच बघत होत्या. दादांनी मान वर करून मला विचारलं, तोंडावर काय दिसलं का तिच्या, बघ की. मी या घरात कधी खोटं बोलले नव्हते आणि तेव्हाही जमलं नाही. नाही दिसलं, म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग पाय जरा उचलून, अजून खाली, टाचेजवळ खरवडलं.